राडमाकर नियम

मागच्या वर्षी मार्लिस राडमाकरनं पंचगिरी सोडली, तेव्हा आमच्या चर्चच्या पत्रकात तिच्यावर चार ओळी छापून आल्या. 'शांत, क्षमाशील आणि मृदू स्वभावाच्या मार्लिसनं जिल्ह्यातल्या बेसबॉलची अखंड सेवा केली,' असं त्यात लिहिलं होतं. क्षमाशील! मी ते वाचलं आणि कॉफी नाकात गेली. लिहिणाऱ्याला एकतर मार्लिस माहीत नाही, नाहीतर क्षमा म्हणजे काय ते माहीत नाही. आणि सेवा कसली डोंबलाची? धंदा होता तो. चोख, रोखठोक धंदा. तिच्या व्हॅनच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं, 'राडमाकर आणि मंडळी, बेसबॉलचे पंच.' त्या मंडळींत मी होतो, म्हणून मला माहीत आहे.

मी क्लीटस. आठवडाभर डेअरीत लोण्याच्या यंत्रावर आणि उन्हाळ्यात दर रविवारी निळा शर्ट घालून मैदानात. मार्लिस प्लेटमागे, मी बेसवर. प्लेट म्हणजे फलंदाजापुढे जमिनीत बसवलेली पांढरी फळी, आणि तिथून निघून तीन बेसना शिवत परत तिलाच पाय लावला की धाव. आमच्या या मिनेसोटात प्रत्येक गावाला एक चर्च, एक बार आणि एक बेसबॉलचा संघ असतो, आणि तिन्हीकडे तीच माणसं असतात. त्यामुळे बेसवर मी ज्याला बाद देतो, तोच सोमवारी डेअरीत माझ्या शेजारी उभा असतो. पंचाला कातडी जाड लागते ती यासाठी.

मार्लिसला शाळेची कुठली बस कधी सोडायची ते ठरवण्याची नोकरी होती. बरी चालली होती. तिला पंचगिरीच्या धंद्याची काही गरज नव्हती. तो तिनं काढला गॉर्डी वेल्टरचं उट्टं काढण्यासाठी, दुसरं कारण नाही. आमच्या बायका उन्हाळ्यात काकड्या बरणीत भरून मुरवतात, तिनं राग मुरवला. नऊ वर्षं. झाकण एकदाही सैल होऊ दिलं नाही.

तिचा नवरा अर्विन दुधाचा टँकर चालवायचा आणि रविवारी प्लेटमागे उभा राहायचा. राहायला आमच्याच सेंट ओडिला गावात, प्रार्थनेला आमच्याच चर्चमध्ये, तरीही सेंट ओडिलाचा सामना असला की समोरचा संघच म्हणायचा, अर्विनला बोलवा. पंचाकडे विकायला एकच माल असतो. कोण जिंकतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, एवढाच. अर्विनचा हा माल जिल्ह्यात अव्वल होता. तो फार बोलायचा नाही. टँकर घेऊन आला की दोन बोटं टोपीला लावायची, नळी जोडायची आणि ढगांकडे बघत उभं राहायचं, असा माणूस.

त्या वर्षी विभागाचा अंतिम सामना आमच्या मैदानावर होता, सेंट ओडिला विरुद्ध मेपल फोर्क. जिंकणारा संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार. शेवटचा डाव आला, धावांची बरोबरी, आणि दुसऱ्या बेसवर आमचा गॉर्डी वेल्टर. ट्रॅक्टर विकायचं दुकान होतं त्याचं. आवाज असा की दुकानात बोलला तर चर्चमध्ये ऐकू यायचा. तेव्हा तो खेळायचाही आणि संघही तोच चालवायचा. फटका बसला, गॉर्डी सुटला, धूळ उडवत प्लेटपाशी घसरला. मेपल फोर्कच्या कॅचरनं, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलायला बसतो त्यानं, चेंडू धरून त्याला शिवायला हात मारला, तो हुकला. आणि गॉर्डीचा पाय? तोही प्लेटला लागला नाही. चांगला वीतभर बाजूनं गेला. मी कुंपणाला टेकून ब्राटवुर्स्टचं सॉसेज खात होतो, तिथून मला दिसलं.

अशा वेळी पंचानं काय करायचं? काहीही नाही. हात वर नाहीत, हात आडवे नाहीत, तोंडातून अवाक्षर नाही. समोरच्या संघातल्या कोणीतरी चेंडू घेऊन प्लेटवर उभं राहायचं आणि म्हणायचं, याचा पाय लागला नाही. मग पंच बाद देणार. कोणी विचारलंच नाही, आणि चेंडू फेकणारा पिचर आणि बेसवरचे सगळे गडी प्लेटपासून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या चुन्याच्या रेघांबाहेर निघून आले, तर धाव कायम. लांब कुंपणापाशी उभे असणारे तिघं यात धरत नाहीत. तोवर पंचानं प्लेटपाशी थांबायचं. हा नियम माझा नाही, खेळाचा आहे.

अर्विन थांबला. गॉर्डीला खांद्यावर घेऊन आमचे लोक नाचत बाकापर्यंत गेले, बिअर उडाली, कोणीतरी चर्चची घंटा वाजवायला पळालं, आणि अर्विन दोन्ही हात खाली सोडून प्लेटमागे उभा. मेपल फोर्कचा कॅचर म्हातारा होता, गुडघे गेलेला. त्यानं अर्विनकडे पाहिलं, क्षणभर विचार केला, चेंडू घेऊन प्लेटवर उभा राहिला आणि विचारलं. अर्विननं मूठ वर केली. बाद! पुढच्या डावात मेपल फोर्कनं धावा काढल्या आणि आम्ही हरलो.

आपला पाय हुकला हे कबूल करायला गॉर्डीची जीभ वळेना, म्हणून त्यानं अर्विनच्या पायांवर खापर फोडलं.

"तोंडानं नाही, पायांनी सांगितलं यानं!" त्याच संध्याकाळी बारमध्ये तिकिटं विकून मटणाची सोडत चालू असताना तो ओरडत होता. "कशाला उभा राहिला तिथं खांबासारखा? सामना संपला की पंच गाडीत बसून घरी जातात का नाही? हा उभा राहिला म्हणून त्या म्हाताऱ्याची ट्यूब पेटली. आपल्याच गावाला विकलं रे यानं!"

हरलेल्या गावाला असलं काहीतरी हवंच असतं. पुढच्या रविवारी प्रार्थना संपवून लोक चर्चच्या मागच्या दारानं मैदानावर आले, तर प्लेटमागच्या मातीत चुन्यानं दोन पावलं काढलेली. मोठी, पांढरी, बोटं मैदानाकडे. अर्विनचे पाय. काय हसले लोक! पोरं त्यात उभी राहून हात खाली सोडून खांब व्हायला लागली. मग तो रिवाजच पडला. रेघा मारणारा माणूस दर रविवारी रेघांबरोबर ती पावलंही काढायचा. गॉर्डीचा हुकूम होता तसा.

त्या हिवाळ्यात संघांच्या बैठकीत गॉर्डीनं एक कलम मंजूर करून घेतलं. विजयी धाव झाली की पंचांनी प्लेटपाशी न रेंगाळता तडक दाराकडे चालू लागावं. कागदावर त्याला आकडा होता, पण जिल्ह्यात सगळे त्याला म्हणायचे राडमाकर नियम. कुठेही सामना संपला की बाकावरून कोणीतरी ओरडायचं, "चला पंच, राडमाकर नियम!" आणि हशा.

अर्विनला मग कोणी बोलावेना. बोलावलं असतं तरी तो गेला नसता. त्यानं मुखवटा आणि छातीची ढाल शेडमध्ये खुंटीला अडकवली आणि रविवारी दुपारी गाडी काढून तळ्याकाठी जाऊन बसायला लागला. मासे धरायचा नाही, नुसता बसायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तो टँकरमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मार्लिस म्हणाली, "गॉर्डी."

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, नेहमीचं. गॉर्डी आला, पोटभर जेवला, मार्लिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एक मात्र सांगतो मार्लिस, दुधाच्या कामात अर्विन अगदी सच्चा माणूस होता."

दुधाच्या कामात! मी शेजारी कॉफीचा कप घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता ही गरम कॉफी याच्या डोक्यावर ओतणार. तिनं त्याला आणखी एक सँडविच वाढलं.

"खा," म्हणाली. "अजून खूप आहे."

त्या फेब्रुवारीत मला तिचा फोन आला. "क्लीट, बुधवारी संध्याकाळी आमच्या शेडमध्ये ये. स्वेटर घाल."

गेलो. माझ्यासारखे आणखी काही जण होते, पोस्टमन, शाळेतला गणिताचा मास्तर, डुकरं पाळणारे दोघं भाऊ. ट्रॅक्टर बाहेर काढून तिनं शेड रिकामी केली होती. एका टोकाला चेंडू फेकायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला फळीची प्लेट, मध्ये रॉकेलचा हीटर फुरफुरत होता.

"हे बघा," ती म्हणाली, "आत्ता या जिल्ह्यात संघांचे मॅनेजर आपापल्या ओळखीचे पंच बोलावतात. कोणी उशिरा येतो, कोणी प्यालेला येतो, कोणी येतच नाही. मी बसगाड्यांचं वेळापत्रक चालवते. पंच काय आणि बस काय, वेळेवर आणि बरोबर ठिकाणी पोचली पाहिजे. या उन्हाळ्यापासून मॅनेजरनं फक्त मला फोन करायचा. बाकीचं मी बघीन."

"आणि प्लेटमागे कोण?" पोस्टमननं विचारलं.

तिनं खुंटीवरचा अर्विनचा मुखवटा काढून तोंडावर चढवला.

आम्ही हसलो. हसायचं नव्हतं. त्या हिवाळ्यात तिनं अंगावर इतके चेंडू खाल्ले की दंड जांभळे पडले, पण यंत्र बंद करू दिलं नाही. आम्हालाही तिनं पिळून काढलं. बुटांना पॉलिश हवं. सामन्याआधी अर्धा तास मैदानावर हजर हवं. गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून, म्हणजे लोक खवळले तर निघता येतं. ज्या बारमध्ये संघ बसतो तिथं त्या दिवशी बिअर प्यायची नाही. आणि प्लेट झाडायची कशी, तेही तिनं शिकवलं. प्लेटवर धूळ बसली की पंच खिशातला छोटा ब्रश काढून वाकतो. वाकायचं ते प्रेक्षकांकडे तोंड करून, म्हणजे पार्श्वभाग लांब कुंपणाकडे, मक्याच्या शेताकडे जातो.

"अर्विन म्हणायचा," ती सांगायची, "लोक आपल्याला आंधळे म्हणोत, चोर म्हणोत, आपण गावाला ढुंगण दाखवायचं नाही. आपला मान त्यांनी ठेवला नाही तरी त्यांचा आपण ठेवायचा."

धंदा पहिल्या उन्हाळ्यात जेमतेम चालला. पण तिचा पंच आला नाही असं कधी झालं नाही, आणि हळूहळू मॅनेजर लोकांना त्याची चटक लागली. स्वयंपाकघरात फोनशेजारी तिनं भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला होता आणि त्यात रंगीत टाचण्या. मी निळी टाचणी होतो. भांडी घासता घासता ती खांद्यात फोन धरून पंच हलवायची. चार-पाच वर्षांत दुसरं कोणी उरलंच नाही. जिल्ह्यात बेसबॉल खेळायचा तर राडमाकरचे पंच घ्यावे लागत. गॉर्डीलाही. त्यानं आता खेळणं सोडलं होतं, पण संघ तोच चालवायचा. मॅनेजरला नको असलेल्या पंचाचं नाव कळवायची मुभा असते. गॉर्डीनं दर वर्षी एकच नाव कळवलं, मार्लिस राडमाकर.

"अगं, मग त्याला पंचच पाठवू नकोस," मी एकदा म्हणालो. "सामने रद्द होऊ देत त्याचे. गाव त्याला झोडपून काढेल."

"आणि गाव म्हणेल, बघा, राडमाकर बाई सूड घेते. नको. पंच जाणार, वेळेवर जाणार, चांगला जाणार."

"बरं, मग मी बेसवर असताना एखादा निर्णय जरा इकडचा तिकडे…"

पुढचं मी बोललो नाही. तिनं हातातलं पातेलं असं आपटलं की टाचण्या हलल्या.

"एक जरी निर्णय खोटा दिलास क्लीट, तर अर्विनबद्दल तो जे बोलला ते खरं ठरेल. त्यानं आमचं दुकान जाळलं. मी ते परत उभं केलंय, ते काय तू जाळायला? मला त्याला खऱ्यानं मारायचंय."

दर वसंतात हंगामाआधी ती आम्हाला शेडमध्ये बसवून जिल्ह्याचे सगळे नियम मोठ्यानं वाचून दाखवायची. राडमाकर नियम आला की तो आवाज न बदलता वाचायची आणि म्हणायची, "हा पाळायचा. कोणी टाळलेला मला कळला तर काढून टाकीन." मी म्हणायचो, आता तुझं वजन आहे, रद्द करून घे हे कलम, तुझ्या नवऱ्याच्या नावाला डाग आहे तो. ती म्हणायची, "रद्द कशाला? ज्यानं केलाय त्याच्या उपयोगी पडू दे एकदा." मला वाटायचं, बाईचा राग आता नुसता बोलण्यापुरता उरलाय. किती चुकलो मी!

अर्विनच्या त्या सामन्यानंतर नवव्या वर्षी पुन्हा विभागाचा अंतिम सामना आला, पुन्हा सेंट ओडिला आणि मेपल फोर्क, मैदान आमचंच. अंतिम सामन्याला पंच नाकारायची मुभा नसते. पंच कोण ते धंद्याचा मालक ठरवतो. शनिवारी मला फोन आला, "क्लीट, उद्या तू बेसवर. प्लेटला मी."

तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. खरं तर तिलाही काय माहीत असणार? कोणाचा पाय कधी हुकेल ते कोणाच्या हातात नसतं. तिला एवढंच हवं होतं की ज्या दिवशी काही होईल त्या दिवशी आपण तिथं असावं.

गॉर्डीनं तर राज्याच्या स्पर्धेसाठी बससुद्धा ठरवून ठेवली होती. मॅनेजर म्हणून त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. नाणेफेकीत मेपल फोर्कला शेवटी फलंदाजी मिळाली तेव्हा तो जरासा खट्टू झाला, पण जरासाच. सामन्याआधी दोन्ही मॅनेजर आणि पंच प्लेटपाशी जमतात, तसे आम्ही जमलो. मार्लिस चुन्याच्या त्या दोन पावलांशेजारी उभी. गॉर्डीनं पावलांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि स्टँडमधल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आणि मार्लिसबाई, शेवटी रेंगाळायचं नाही हं. धाव झाली की सरळ दार गाठायचं. नियम माहीत आहे ना? तुमच्याच घराण्याचं नाव आहे त्याला!"

स्टँडमध्ये खसखस पिकली. माझे कान तापले. मार्लिस म्हणाली, "माहीत आहे. पाळीन." आणि मुखवटा ओढून घेतला.

सामना झकास झाला. तिनं प्लेटमागून एकही निर्णय असा दिला नाही की गॉर्डीला तोंड उघडता यावं, आणि गॉर्डी तोंड उघडायला कारण शोधणारा माणूस. ऊन टळटळीत, मक्यावरून वाऱ्याची झुळूक नाही. शेवटचा डाव, बरोबरी, मेपल फोर्कचे तीनपैकी दोन गडी बाद, एक गडी दुसऱ्या बेसवर. आणि फटका बसला.

तो गडी सुटला. डावीकडून फेक आली, चांगली आली. आमच्या कॅचरनं ती धरली आणि झेप घेतली, पण तो धावणारा पोरगा आडवातिडवा वळून त्याला चुकवून गेला. कॅचर तोंडावर पडला. पोरगा पलीकडे धुळीत लोळला. त्याचे सोबती त्याच्यावर तुटून पडले, उचलून त्याला नाचवत बाकावर नेलं.

मी मार्लिसकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात खाली होते.

पाय लागला नव्हता. पुन्हा तीच प्लेट, पुन्हा तेच. आमच्या कॅचरनं नुसतं उठून चेंडू घेऊन प्लेटवर उभं राहायचं होतं आणि चार शब्द बोलायचे होते. चेंडू त्याच्या हातात होता. पण तो मातीत तोंड घालून पडला होता. सामना हरलो असं त्याला वाटत होतं.

आणि मार्लिस वळली आणि स्टँडशेजारच्या दाराकडे चालू लागली. घाई नाही, रेंगाळणं नाही. राडमाकर नियमानं पंच जसा चालतो तशी. मीही बेसवरून चालू लागलो.

गॉर्डी बाकावरून सगळं पाहत होता. तो काहीही असेल, पण आंधळा नाही. पोराचा पाय हुकलेला त्याला दिसला होता. "मार्लिस!" तो ओरडला. "थांब! कुठं चाललीस? थांब तिथं!"

तिनं मान वळवून मागे प्लेटकडे पाहिलं आणि ती चालतच राहिली.

"थांबवा तिला!" तो आपल्या पोरांवर खेकसला. "दारातून जाऊ देऊ नका! थांबवा रे!"

नऊ वर्षं यानंच सगळ्यांना शिकवलं होतं की पंच दारातून गेला की सामना संपला. पोरं तेच शिकून मोठी झालेली. पिचर धावला, पहिल्या बेसवरचा धावला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवरचे, मधला गडी, सगळे धावले. कॅचर उठला, चेंडू तिथंच टाकला आणि धावला. दारापाशी त्यांनी मार्लिसला घेरलं. तिचा एक हात कडीवर होता. दोन्ही पाय आतच होते.

गॉर्डी धापा टाकत आला. "तू जाऊ शकत नाहीस! माझे गडी मैदानात आहेत तोवर पंचानं प्लेटपाशी थांबलं पाहिजे!"

"कोण म्हणतं?" मार्लिसनं विचारलं.

"नियम म्हणतो! बेसबॉलचा नियम आहे हा, कुत्र्यालासुद्धा माहीत आहे!"

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खाणं थांबवलं. मार्लिसनं मुखवटा काढला. घामानं केस कपाळाला चिकटले होते, आणि चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता असा आनंद होता. सुंदर बिंदर काही नव्हता तो. भूक लागलेल्या माणसासमोर ताट आल्यासारखा होता.

"मग अर्विन का उभा होता, गॉर्डी?"

गॉर्डीनं बाहीनं कपाळ पुसलं.

"बोल ना. माझा नवरा त्या दिवशी प्लेटमागे का उभा होता?"

"हे काय आत्ता… मार्लिस, वेळ काय, तू…"

"मला घाई नाही. तुला आहे. का उभा होता?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. राज्याची स्पर्धा, ठरवलेली बस, शेवटचं वर्ष, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे नाचत असणार. आणि त्यानं ते गिळलं. "नियम होता म्हणून!"

"मागं ऐकू गेलं नाही."

"नियम होता म्हणून उभा होता!" गॉर्डी वेल्टर आपल्या त्या भोंग्यासारख्या आवाजात ओरडला, आणि चर्चच्या भिंतीवर आपटून ते वाक्य परत आलं. "अर्विननं काही केलं नव्हतं, नियम होता! झालं समाधान? आता चल प्लेटपाशी. माझा कॅचर अपील करतो."

"कशावर?"

"त्या पोराचा पाय लागला नाही!"

"नाहीच लागला," मार्लिस म्हणाली. "वीतभर हुकला. अगदी तुझ्यासारखा. मी मैदानातच आहे, गॉर्डी, माझे पाय बघ, अजून आत आहेत. चालताना मी मागे वळून वळून बघत होते. तुमच्यातला एक जण चेंडू घेऊन प्लेटवर उभा राहिला असता आणि मला हाक मारली असती, तर मी इथूनच मूठ वर केली असती. देवाशप्पथ केली असती." मग तिनं मुखवट्यानं मैदानाकडे खूण केली. "पण आता मला सांग, रेघेच्या आत तुझं कोण आहे?"

गॉर्डी वळला. आम्ही सगळेच वळलो. लांब मक्याच्या कुंपणापाशी तिघं उभे होते, काय चाललंय ते न कळून. बाकी मैदान मोकळं. पिचर नाही, बेसवर कोणी नाही. सगळे त्याच्याच हाकेला धावून आलेले, रेघेबाहेर, दारापाशी, त्याच्याभोवती. चेंडू प्लेटजवळ धुळीत पडला होता.

"धाव कायम," मार्लिस म्हणाली. "सामना संपला."

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील, बाटल्या येतील, म्हणून मी माझी गाडी कशी लावलीय ते आठवत होतो. पण लोक तिच्याकडे बघतच नव्हते. ते गॉर्डीकडे बघत होते. नऊ वर्षं ज्या गोष्टीवर हसले ती खोटी होती, हे त्यांनी आत्ताच त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. गॉर्डीनं टोपी काढली, पुन्हा घातली. त्याचा कॅचर, विशीतलं पोर, हळूच म्हणाला, "म्हणजे तू त्या माणसाला उगीचच…" गॉर्डीनं त्याला गप्प बस म्हटलं नाही.

मला वाटलं मार्लिस आता दारातून बाहेर पडेल. ती उलटी वळली. पोरांनी वाट दिली. ती सरळ प्लेटपाशी गेली आणि चुन्यानं काढलेल्या त्या दोन पावलांत आपले दोन पाय ठेवून उभी राहिली, बोटं मैदानाकडे, अर्विनसारखी. खिशातून अर्विनचा ब्रश काढला.

सामना संपल्यावर कोणी प्लेट झाडत नाही. आणि झाडायची तर अशा बाजूनं तर कधीच नाही. तोंड लांब मक्याकडे करून ती कंबरेत वाकली, आणि तिचा तो राखाडी विजारीतला भलामोठा पार्श्वभाग गॉर्डी वेल्टरकडे, त्याच्या संघाकडे आणि स्टँडमध्ये बसलेल्या सगळ्या सेंट ओडिला गावाकडे झाला. मीही त्याच बाजूला होतो, माझीही सुटका नव्हती. गॉर्डी बघत उभा राहिला. मान वळवायचं त्याला सुचलं नाही.

बेसबॉलच्या प्लेटला पाच कोपरे असतात. तिनं पाचही कोपरे सावकाश झाडले.